बोट आणि बाण

रावपुऱ्यात, दुकानाच्या माळ्यावर, लॅपटॉप आहे.
जुना. बिजागरीला सेलोटेप.
पंखा असा घरघरतो की खालून किरीटभाई विचारतात,
"हेमाबेन, दळण टाकलंय काय?"
पण काम तोच करतो.
सहाशे चाळीस फोटो एका दमात गिळतो,
एकावर केलेलं सगळ्यांवर उतरवतो,
तोवर मी जिना उतरून
अर्धा कप चहा पिऊन येते.

टॅबलेट माझा स्वतःचा.
बारा हप्त्यांतले सात फिटलेत.
तो दांडिया बाजारात, घरी, झोपाळ्यावर,
जेवणं आटोपली की मांडीवर.
त्याला आवाज नाही. तापतो फक्त,
आणि ते मांडीला आधी कळतं.

लोक विचारतात, दोन्हींत बरा कुठला?
मी रंगाचं सांगते.
तोच शालू लॅपटॉपवर विटेचा,
टॅबलेटवर डाळिंबाचा.
खरा कुठला ते शालूला विचारा,
आणि तो एव्हाना डांबरगोळ्यांत झोपलाय.
ऐकणारे हसतात. पेनाची किंमत विचारतात.

दुसरं एक आहे, ते सांगत नाही.

लॅपटॉपवर माझ्या आणि चेहऱ्याच्या मध्ये
एक बाण असतो.
हात इथे, टेबलावर. चेहरा तिकडे.
मी माउस ढकलते, कुठेतरी आकडा बदलतो,
मला काही लागत नाही.
टॅबलेटवर मध्ये कुणी नसतं.
दोन बोटांनी गाल जवळ आणायचा
आणि मग जे काय करायचं ते
त्या गालावरच करायचं.

शितोळ्यांच्या ऋजुताचं लग्न.
काकू दुकानात आल्या, पर्स पोटाशी धरून.
"अल्बम सासरी जाणार. जरा उजळ दिसू दे तिला."
मी अठरा टाकला.
उजेड, अधिक अठरा, चेहऱ्यापुरता.
सगळ्यांवर उतरवला. चहाला गेले.

रात्री झोपाळ्यावर एकच फोटो उघडला, पाठवणीचा.
काकूंनी तिची हनुवटी धरली आहे.
चेहरा उजळ,
आणि हनुवटीखाली तो हात, तसाच, गव्हाळ काळा,
जणू चौकटीत भलत्याच कुणाचा शिरलेला.
वाढपाच्या बाईचा असेल, असं वाटावं.

मी बोटाने घासायला घेतलं.
उडवायला एक आकडा पुरला होता,
परत आणायला घासावं लागतं, इंच इंच.
भुवईवर कांजिण्यांचा खळगा निघाला.
लॅपटॉपने तो केव्हाच बुजवला होता,
मला न विचारता. किंवा विचारूनच,
मी हो म्हटलं असेन.

दुसऱ्या दिवशी टॅबलेट पिशवीत घालून नेला.
काकूंच्या हातात दिला. दोन्ही फोटो, शेजारी शेजारी.
त्यांनी चष्मा कपाळावर सारला,
डोळ्यांजवळ नेला, आणि गालावर बोट ठेवलं.
फोटो पळाला. मोठा झाला, आणखी मोठा,
शेवटी नुसते रंगाचे चौकोन उरले.
"कुठे गेली?" म्हणाल्या.
मी परत आणून दिली.

"हे कांजिण्यांचं. तिसरीत होती.
खाजवू नये म्हणून मी रात्रभर हात धरून..."

खाली किरीटभाई कुणाशी तरी
पासपोर्ट फोटोच्या पैशांवरून भांडत होते.

मग काकूंनी टॅबलेट माझ्या हातात दिला,
चष्मा खाली घेतला, हिशोबाच्या आवाजात म्हणाल्या,
"खळगा राहू दे.
पण मग माझा हात पण कर. तिच्यासारखा."

मी माळ्यावर गेले.
हाताला अठरा.
लॅपटॉप दळायला लागला.

टॅबलेटच्या काचेवर त्यांचं बोट उमटलं होतं,
तेलकट, बरोबर गालाच्या जागी.
फोटो चालू असला की दिसायचं नाही,
स्क्रीन काळी झाली की दिसायचं.
पुसायचा कपडा पिशवीतच होता.